ताशी ६० किमी वेगाच्या मोटारीत बल किती असते?

मनीषनगर (धागाकर्ते)

मोटारीच्या एका अपघाताच्या बातमीखाली दोन वाचकांची चांगलीच जुंपली होती. नागपूरच्या वर्धा रस्त्यावर गाडी खांबाला धडकली होती. एकाचे म्हणणे असे की, ताशी ६० किमी वेगाने जाणाऱ्या गाडीत १७ टनांचे बल असते, तर दुसऱ्याने तेच बल जेमतेम सव्वाचारशे किलो काढून दाखवले होते. दोघांनीही ‘बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण’ हेच सूत्र वापरले होते आणि दोघांच्याही गुणाकारात मला खोट सापडली नाही. माझी मुलगी यंदा नववीत आहे. तिला हा वाद दाखवला, तेव्हा तिने तिसरेच काढले: गाडी एकसमान वेगाने सरळ जात असेल, तर तिचे त्वरण शून्य, म्हणून बलही शून्य, मग धडकेच्या वेळी हे टनावारी बल येते कोठून? सूत्र तिला पाठ आहे. तिला कारण हवे आहे आणि ते मला नीट सांगता येईना, म्हणून हा धागा. जाणकारांनी कृपया लिहावे.

लोलक

मुलीचा प्रश्न त्या दोन्ही वाचकांच्या उत्तरांपेक्षा नेमका आहे, तेव्हा तेथूनच सुरुवात करतो.

एकसमान वेगाने सरळ जाणाऱ्या गाडीवरील निव्वळ बल खरोखरच शून्य असते. चाके रस्त्याला मागे रेटतात, रस्ता गाडीला पुढे रेटतो, हवेचा आणि टायरांचा रोध तेवढ्याच बलाने तिला मागे खेचतो आणि हिशोब जागच्या जागी मिटतो. गाडीत बल साठवलेले नसते. तिच्याजवळ असतो तो संवेग, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार. १००० किलोची गाडी घेतली, तर ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर या वेगाला तिचा संवेग सुमारे १६,७०० किलो-मीटर प्रति सेकंद होतो. गाडी थांबवायची म्हणजे हा सगळा संवेग कोणी तरी काढून घेतला पाहिजे, मग तो ब्रेक लावून रस्त्याने घ्यावा, खांबाने घ्यावा किंवा रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगाने. किती काढून घ्यायचा, यात एका पैचीही सूट नाही.

या काढून घेतलेल्या संवेगाएवढाच आवेग गाडीला द्यावा लागतो, आणि आवेग म्हणजे सरासरी बल गुणिले ते बल जितका वेळ लागले तो काळ. गुणाकार आधीच ठरलेला असल्यामुळे काळ जितका आखूड, तितके बल मोठे. ब्रेक लावून ४ सेकंदांत थांबलात, तर सरासरी बल सुमारे ४,१७५ न्यूटन, म्हणजे ४२५ किलो वजनाएवढे. खांबाला धडकून ०.१ सेकंदात थांबलात, तर १,६७,००० न्यूटन, म्हणजे १७ टन वजनाएवढे. बातमीखालच्या एका वाचकाने ब्रेक धरला होता, दुसऱ्याने खांब. काळ किती धरला, हे मात्र दोघांपैकी कोणीही लिहिले नाही. धडकेपूर्वी ‘गाडीत बल किती’ याला उत्तरच नाही, कारण ती कशाला आणि कशी धडकणार हे अजून ठरायचे आहे.

न्यूटनने १६८७ साली दुसरा नियम मांडला तोही गतीच्या परिमाणातील बदलाच्या, म्हणजे संवेगाच्याच अंगाने. वस्तुमान आणि त्वरण यांची आज घोकली जाणारी मांडणी नंतरची आहे. ऑयलर या गणितज्ञाने ती १७५०च्या सुमारास रूढ केली. माझे वैयक्तिक मत असे की, शाळेत आधी संवेग शिकवावा आणि मग त्वरण. उलट क्रमामुळेच बातमीखालचे असे वाद होतात.

धरमपेठकर

लोलकभाऊ, विवेचन आवडले, परंतु ०.१ सेकंद हा आकडा आपण खिशातून काढल्यासारखा वाटतो. खांबापाशी घड्याळ लावून कोणी बसलेले नसते. ०.०१ सेकंद का नाही, १ सेकंद का नाही? सगळे उत्तरच त्या आकड्यावर अवलंबून असेल, तर तो कसा मिळवायचा हे सांगितल्याशिवाय हा हिशोब पुस्तकीच राहील.

लोलक

रास्त शंका आहे. काळ मोजता येत नाही, परंतु अंतर मोजता येते, आणि ते अपघातानंतरही तेथेच असते. गाडी साधारण एकसारखी मंदावत थांबली असे धरले, तर थांबताना तिचा सरासरी वेग मूळ वेगाच्या निम्मा पडतो. म्हणून थांबण्याचा काळ म्हणजे थांबण्याच्या अंतराची दुप्पट भागिले मूळ वेग. गाडीचे नाक खांबावर ८० ते ८५ सेंटिमीटर चेपले असेल, तर काळ ०.१ सेकंद येतो. नाक फारसे चेपले नसते आणि सगळी गाडी १० सेंटिमीटरांत थांबली असती, तर काळ ०.०१२ सेकंद आला असता आणि बल १४० टनांच्या वर गेले असते.

‘जुन्या गाडीचा पत्रा कसा दणकट, नव्या गाडीचे बोनेट पापडासारखे चुरते’ ही तक्रार आपण सर्वांनीच ऐकली आहे. बोनेट चुरावे म्हणूनच तसे बनवलेले असते, आणि प्रवासी बसतात तो मधला भाग मात्र चेपू नये असा घट्ट ठेवलेला असतो. बेला बारेनी या अभियंत्याने ही कल्पना १९५१ साली मर्सिडीज-बेन्झसाठी पेटंटच्या अर्जात मांडली आणि १९५९ साली ती बाजारात आलेल्या गाडीत उतरली. त्याच वर्षी व्होल्व्होमध्ये निल्स बोलिन यांनी तीन ठिकाणी बांधला जाणारा सीटबेल्ट आणला. या दोन गोष्टी एकमेकींवाचून अपुऱ्या आहेत. बोनेट चेपून गाडीला ८० सेंटिमीटर मिळतात, परंतु बेल्ट न बांधलेल्या माणसाला त्यातील एकही मिळत नाही. गाडी थांबते, तो त्याच वेगाने पुढे जात राहतो, आणि डॅशबोर्डवर आपटून काही सेंटिमीटरांत थांबतो.

सक्करदरा_आई

लोलकदादा, हे वाचून एक विचारावेसे वाटते. आमच्याकडे लहान मुलाला पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसण्याची सर्रास पद्धत आहे. ‘मी घट्ट धरून ठेवीन’ असे प्रत्येक जण म्हणतो. आईने स्वतः बेल्ट लावला असेल, तर मूल हातांत धरून ठेवणे शक्य असते का?

लोलक

नाही, ताई. हिशोब लहानच आहे. १० किलोचे मूल, ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर वेग, आणि थांबण्याचा काळ तोच ०.१ सेकंद. लागणारे सरासरी बल १,३९० न्यूटन, म्हणजे सुमारे १४० किलो वजन उचलून धरण्याएवढे. तेही कोणतीही पूर्वसूचना नसताना. गहू भरलेले जवळजवळ तीन कट्टे अचानक हातांत पडले, तर काय होईल तेवढे मनाशी आणावे. आणि बेल्टविना असलेल्या आईने मूल मांडीवर घेतले असेल, तर मूल डॅशबोर्ड आणि आई यांच्यामध्ये सापडते. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार १४ वर्षांखालील मुलाला बेल्ट किंवा बालसुरक्षा आसन न लावता गाडी चालवणे दंडास पात्र आहे. याविषयी यापेक्षा अधिक लिहिण्याची गरज नाही.

इतवारी_१

मोटारींचे झाले, आमच्यासारख्या दुचाकीवाल्यांचेही पाहावे. महामार्गावर हेल्मेट हवे हे कोणीही मान्य करील. परंतु इतवारीच्या गल्ल्यांत गाडी ताशी २० किमीच्या पुढे जातच नाही. संवेग वेगावर अवलंबून असेल, तर तेथे हेल्मेटची सक्ती कशासाठी?

यंत्रशाळा

या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण दुरुस्तीच्या कामामुळे पडलेल्या गाड्या आणि फुटलेली हेल्मेटे रोज डोळ्यांखालून जातात.

सपाट रस्त्यावर पडताना डोके ज्या दिशेने रस्त्यावर आपटते, ती दिशा उभी असते. आणि त्या दिशेचा वेग गाडीच्या वेगातून येत नाही, तो डोके किती उंचीवरून खाली आले त्यातून येतो. स्कूटरवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असते. तेथून खाली येताना त्याला सेकंदाला ५.४ मीटर, म्हणजे ताशी १९ ते २० किमी उभा वेग मिळतो. गाडी सिग्नलवर उभी असताना तोल जाऊन पडलात, तरीही एवढाच आणि ताशी ६० किमी वेगाने जाताना घसरलात, तरीही एवढाच. आडवा वेग रस्त्यावर घासत जाण्यात संपतो. त्याने कातडी सोलवटते, हाडे मोडतात, मान मुरगळते आणि वाटेत दुभाजक किंवा खांब आला, तर तोच वेग जिवावर बेततो, हे खरे. परंतु डोके रस्त्यावर उभे आपटण्याचा धोका गल्लीत काडीमात्र कमी होत नाही.

आता थांबण्याचे अंतर घ्या. येथे एक फार सोयीचे गणित आहे: पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागले की, डोक्याचे सरासरी मंदन, म्हणजे वेग घटण्याचा दर, गुरुत्वीय त्वरणाच्या किती पट आहे ते थेट मिळते. उघडे डोके सिमेंटच्या रस्त्यावर ५ मिलिमीटरांत थांबले असे समजा. दीड मीटर भागिले ५ मिलिमीटर म्हणजे ३०० पट. हेल्मेटच्या आतील थर्मोकोलसारखा थर २५ मिलिमीटर दबला, तर तेच मंदन ६० पटीवर येते. बाहेरचे कवच मार पसरवते आणि टोकदार वस्तूला अडवते, परंतु मंदन खाली आणण्याचे खरे काम त्या पांढऱ्या थराचे असते. म्हणूनच फुटपाथवर मिळणारी टोपीवजा हेल्मेटे, ज्यांच्या आत नुसते अस्तर असते, ती पोलिसाला दाखवण्यापुरतीच असतात. आय. एस. ४१५१ हे भारतीय मानक आणि आय.एस.आय. चिन्ह पाहून घ्यावे आणि हनुवटीखालचा पट्टा लावावा. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्या धक्क्यातच निसटू शकते आणि दुसऱ्या आपटीला डोके उघडेच असते.

इतवारी_१

उत्तर पटले. मग आतमध्ये थर्मोकोलऐवजी चांगले जाड रबर का घालत नाहीत? थर्मोकोल एकदा दबला की दबलेलाच राहतो. रबर पुन्हा मूळ आकारात येईल आणि हेल्मेट वर्षानुवर्षे टिकेल.

यंत्रशाळा

टिकेल, परंतु डोके टिकणार नाही. रबर मूळ आकारात येते म्हणजे ते घेतलेले परत देते. सेकंदाला ५.४ मीटर वेगाने आलेले डोके थर्मोकोलवर जवळजवळ थांबते. संवेगातील बदल तेवढाच. उसळणाऱ्या रबरावरून ते सेकंदाला ३ मीटर वेगाने उलट फेकले गेले, तर बदल ५.४ अधिक ३, म्हणजे ८.४ मीटर प्रति सेकंदाचा होतो आणि आवेग दीडपटीहून अधिक वाढतो. उसळी म्हणजे आधी थांबवणे आणि मग वर उलट दिशेने ढकलणे.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे आणि तो सहसा कोणी सांगत नाही. स्प्रिंगसारखी वस्तू दबताना सुरुवातीला फारच थोडा विरोध करते आणि अखेरीस एकदम खूप; त्यामुळे तिचे कमाल बल सरासरीच्या दुप्पट असते. थर्मोकोलचा थर चुरत जाताना जवळजवळ सारख्याच बलाने विरोध करतो. हातात असलेले २५ मिलिमीटर तो पुरेपूर वापरतो. स्प्रिंग त्यातील पहिले काही जवळपास फुकट घालवते. तेव्हा एकदा आपटलेले हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसले, तरी बदलावे. त्याच जागी दुसऱ्यांदा चुरण्यासाठी आत काही उरलेले नसते.

कळमना_बाजार

संत्र्याच्या पेटीत तणस घालतात, तीही याच कामासाठी. पेटी उतरवताना आपटली तर फळाला थांबायला बोटभर जागा मिळते. एकदा चेपलेली तणस पुन्हा वापरायला काढली, की खालच्या थरातील फळ दबलेच म्हणून समजा.

अजनी_यार्ड

रेल्वेतून निवृत्त आहे, त्यामुळे आमच्या बाजूचे दोन शब्द. कोळशाने भरलेली मालगाडी साधारण ५,००० टनांची असते. लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची पकड टायरच्या मानाने फारच कमी, त्यामुळे ताशी ६० किमी वेगाला आपत्कालीन ब्रेक लावूनही ती थांबायला सहज अनेक शे मीटर लागतात. चालकाला समोर माणूस दिसला आणि त्याने ब्रेक लावला, तरी फाटकाच्या दांडीखालून वाकून जाणाऱ्या त्या माणसासाठी तो ब्रेक फुकटच जातो.

निघतानाही गंमत असते. डब्यांच्या जोडण्यांत थोडी ढील असते. इंजिन आधी पहिल्या डब्याला ओढते, तो दुसऱ्याला, आणि खडखडाट पुढून मागे धावत जातो. सगळी गाडी एकाच क्षणी हलवावी लागत नाही.

धरमपेठकर

अजनीकाका, आपल्या लिखाणावरून एक विचारतो. जड गाडी थांबायला अधिक अंतर लागते, हे सर्वमान्य आहे. परंतु घर्षण वजनाच्या प्रमाणात असते; वजन दुप्पट झाले की पकडही दुप्पट. मग वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटते आणि एकट्या माणसाची गाडी व पाच माणसांनी भरलेली गाडी सारख्याच अंतरात थांबली पाहिजे. मग समृद्धी महामार्गावर भरलेल्या ट्रकपासून दूर राहण्याचा सल्ला कशासाठी देतात?

लोलक

वस्तुमान कटते हे बरोबर आहे, परंतु तेवढी पकड वापरून घेण्याइतके ब्रेक समर्थ असले तर. ट्रकच्या ब्रेकांनी ती सगळी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने पचवायची असते. ते तापले की क्षीण होतात. शिवाय ट्रकच्या टायरांचे रबर अधिक कडक, म्हणून पकड कमी. हिशोबात कटलेले वस्तुमान तेथून परत येते.

समृद्धीचा विषय निघालाच आहे, तर वेगाबद्दल लिहितो, कारण तेथे बहुतेकांची फसगत होते. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरांची पकड वजनाच्या सुमारे ७० टक्के धरली, तर ताशी ६० किमी वेगाची मोटार ब्रेक लागल्यापासून सुमारे २.४ सेकंदांत आणि २० मीटरांत थांबते. ताशी १२० किमी, म्हणजे तेथील मोटारींची वेगमर्यादा, धरली तर ४.९ सेकंद आणि ८१ मीटर लागतात. वेग दुप्पट, काळ दुप्पट, अंतर मात्र चौपट. त्यात चालकाला भान येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरला, तर आणखी ३३ मीटर जोडावे लागतात.

काळ दुप्पट आणि अंतर चौपट, यांवरून एकेकाळी युरोपात मोठे भांडण झाले होते. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त गतीचे माप वस्तुमान गुणिले वेग असे धरीत असे. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने १६८६ साली त्यावर टीका करून वेगाचा वर्ग घ्यावा असे मांडले. पुढे १७२२मध्ये डच शास्त्रज्ञ स्-ग्राव्हेसांडे याने पितळी गोळे वेगवेगळ्या उंचीवरून मऊ मातीत टाकून पाहिले आणि दुप्पट वेगाचा गोळा चौपट खोल रुततो असे आढळले. आज पाहता देकार्त आणि लायब्निझ दोघेही आपापल्या जागी बरोबर होते: बल किती वेळ लागले हे विचारले की संवेगाचे उत्तर येते, बल किती अंतरापर्यंत लागले हे विचारले की ऊर्जेचे. समोरच्या ट्रकपर्यंत उरलेली जागा मीटरमध्ये असते, म्हणून समृद्धीवर लायब्निझचे ऐकावे.

यंत्रशाळा

यात नागपूरकरांसाठी एक पुरवणी. मृगाच्या पहिल्या सरीला सिमेंटच्या रस्त्यावर महिनोन्‌महिने साचलेले तेल आणि धूळ ओली होऊन वर येते. पकड ७० वरून ४० टक्क्यांवर आली, तर २० मीटरांचे ३५ मीटर होतात. दोन-तीन दमदार सरींनी रस्ता धुऊन निघेपर्यंत तरी अंतर राखावे.

मनीषनगर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलीने धागा वाचला आणि लगेच पुढचा प्रश्न पाठवला आहे. सिटी बस ब्रेक लावून थांबत असताना उभे प्रवासी पुढे झुकतात, हे जडत्वाने समजते. परंतु बस पूर्ण थांबते त्या क्षणी सगळे एकदम मागे का फेकले जातात? मागे ढकलणारे बल तर तेथे कोणतेच नसते.

लोलक

बस मंदावत असताना आपण तोल सांभाळण्यासाठी पाय रोवून शरीर मागे तोलून धरतो, दांडीला रेटा देतो. जोपर्यंत मंदन आहे, तोपर्यंत ही तजवीज योग्य असते. बस थांबताच मंदन क्षणात शून्य होते, परंतु स्नायूंनी केलेली तजवीज लगेच सुटत नाही, आणि आपणच आपल्याला मागे ढकलतो. कमानपट्ट्यांच्या स्प्रिंगांवर पुढे दबलेली बसची चौकटही त्याच क्षणी मागे येते. त्रास मंदनाचा कमी आणि ते एकाएकी नाहीसे होण्याचा जास्त असतो. मुरलेला चालक म्हणूनच बस थांबता थांबता ब्रेक किंचित सैल सोडतो, जेणेकरून मंदन हळूहळू शून्यावर यावे.

मेट्रोत हे बदल यंत्राने सावकाश केलेले असतात, त्यामुळे धक्का कमी जाणवतो. मुलीला प्रयोग करायचा असेल, तर सीताबर्डीहून मेट्रोत बसताना ५० सेंटिमीटर दोऱ्याला एक जड नट बांधून न्यावा. गाडी वेग घेत असताना नट मागे जितके सेंटिमीटर सरकेल, त्याला दोऱ्याच्या लांबीने भागून ९.८ ने गुणले की गाडीचे त्वरण मिळते. नट ५ सेंटिमीटर सरकला, तर ते सेकंदाला सेकंदागणिक जवळजवळ १ मीटर.

धरमपेठकर

एक सूचना. गाडी सुटताच नट लंबकासारखा झुलू लागतो. ५० सेंटिमीटर दोऱ्याचा एक झोका सुमारे १.४ सेकंदांचा असतो. वाचन झोक्याच्या दोन टोकांच्या मधोमध घ्यावे, दोरा हातात न धरता वरच्या दांडीला बांधावा, आणि वळणावरचे वाचन सोडून द्यावे, कारण तेथे नट बाजूलाही सरकतो.